एक्सरे टेबलची गादी कोणी तपासता का? कशी तपासायची?

लेडॲप्रन

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज धागा काढायची वेळ आली.

आमच्या विभागात एक्सरे टेबलवर आत्तापर्यंत एक जुनी रेक्झिनची गादी होती, मधोमध बसलेली, कडेला उचललेली, तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली असेल तशीच. म्हातारे आणि बारीक पेशंट झोपले की डोकं नि टाचा टेकल्या टेकल्या कण्हायचे. शेवटी नवीन गादी आली, साडेसात सेंटीमीटर जाड, वरचा थर मेमरी फोमचा, कव्हर मऊ आणि ताणलं जाणारं. माहितीपत्रकात दोनच शब्द मोठ्या अक्षरात, रेडिओल्युसंट (किरणं आरपार जाऊ देणारी) आणि प्रेशर रिलीफ. किती रेडिओल्युसंट, किती रिलीफ, आकडा कुठेच नाही.

दोन आठवडे झाले आणि आता कुरबूर सुरू. एक सिनियर म्हणतायत इमेज दाणेदार येतेय, एका लहान मुलाच्या पेल्विसमध्ये मला स्वतःला पुसट चौकड्या दिसल्या, आणि साहेब म्हणतात काढून टाका ती गादी, जुनी घाला. पण पेशंट पहिल्यांदाच गप पडून राहायला लागलेत, हलत नाहीत, रिपीट, म्हणजे परत काढावे लागणारे एक्सरे, कमी झाल्यासारखे वाटतात (वाटतात म्हणतोय, मोजले नाहीत).

तर प्रश्न असे की ही गादी किरणं किती खाते हे मोजायचं कसं, त्याला काही मर्यादा ठरलेली आहे का, मऊपणा मोजायचा काही मार्ग आहे का का नुसतं झोपून बघायचं, आणि आग, इन्फेक्शन वगैरे सुरक्षेचं काय बघतात? मशीनचं क्यूए, म्हणजे गुणवत्ता तपासणी, दरवर्षी नेमाने होतं, ट्यूब तपासतात, कॉलिमेटर (बीम लहानमोठा करणारा भाग) तपासतात, पण गादीकडे कोणी ढुंकून बघितल्याचं मला तरी आठवत नाही. आमच्याकडे डोसिमीटर (किरणं मोजायचं यंत्र) आहे आणि एचव्हीएल (बीम निम्म्यावर आणायला लागणारी ॲल्युमिनियमची जाडी) काढायच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा संच आहे. एवढ्यात काही होईल का?

हाफव्हॅल्यू

होईल की, अगदी व्यवस्थित होईल. मी फिजिक्सवाला आहे त्यामुळे जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या.

आधी मर्यादेचं. आयईसी ६०६०१ या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेत आणि अमेरिकन नियमांत पेशंट आणि डिटेक्टर यांच्या मधे येणाऱ्या वस्तूंची यादी आहे आणि प्रत्येकीला ॲल्युमिनियमच्या जाडीत मर्यादा दिलेली आहे. न हलणारा टेबलटॉप १.२ मिमी, हलणारा १.७ मिमी, असं. म्हणजे ती वस्तू तेवढ्या जाडीच्या ॲल्युमिनियमपेक्षा जास्त किरणं अडवता कामा नये, १०० केव्हीला (केव्ही म्हणजे ट्यूबचा व्होल्टेज, किरणांचा जोर त्यावर ठरतो), आणि बीमचा एचव्हीएल ३.६ मिमीच्या आसपास असताना. गंमत अशी की अमेरिकन यादीत टेबलटॉप आहे, पाळणा आहे, कॅसेट होल्डरचं पुढचं पान आहे, पण गादीचं नाव नाही. टेबल कंपनीने घासून घासून १.२ च्या आत आणायचं आणि वर आपण काय टाकतो ते कोणी विचारायचं नाही, असा मामला आहे. त्यामुळे मर्यादा तुम्हालाच ठरवावी लागेल. माझा स्वतःचा हिशोब असा की गादी १ मिमीच्या खाली राहिली पाहिजे, अर्धा मिमीच्या जवळ असेल तर उत्तम. हा नियम नाही हं, माझं मत आहे.

१ मिमी म्हणजे किती ते सांगतो. एचव्हीएल ३.६ धरला तर १ मिमी ॲल्युमिनियम साधारण १७-१८ टक्के किरणं खातं, अर्धा मिमी ९ टक्के. हे १०० केव्हीला, ६० केव्हीला याच्या दीडपट-दुप्पट होतं. आणि हे नुकसान कुठे होतंय ते बघा. ट्यूब वर आणि डिटेक्टर टेबलखाली असेल तर गादी पेशंटच्या नंतर येते, म्हणजे जी किरणं पेशंटच्या अंगातून जाऊन, डोस देऊन, माहिती घेऊन बाहेर आलीयत तीच आपण गादीत मारतोय. एईसी, म्हणजे पुरेशी किरणं पोचली की एक्सपोजर आपोआप थांबवणारी यंत्रणा, काय करणार, वेळ वाढवणार, बिल पेशंटच्या नावावर. ट्यूब टेबलखाली असेल, कॅथलॅब किंवा फ्लोरोसारखी, तर गादी पेशंटच्या आधी येते, तिथे पेशंटच्या कातडीला उलट थोडं कमी मिळतं आणि ताण ट्यूबवर येतो. तिथे वेगळीच भानगड होते, मशीन जो डोस दाखवतं त्यात टेबल आणि गादी धरलेली नसते, दोन्ही मिळून पाचवा ते तिसरा हिस्सा सहज खातात, त्यामुळे कातडीच्या डोसचा हिशोब करायचा तर तो गुणक आपण मोजून ठेवावा लागतो.

आता मोजायचं कसं. एईसी बंद, हाताने १०० केव्ही आणि ठराविक एमएएस (किरणांची मात्रा). बीम अगदी बारीक करा, डोसिमीटरच्या चेंबरपेक्षा किंचित मोठा. गादी ट्यूब आणि चेंबरच्या मधोमध कशावर तरी टांगा किंवा आधारावर ठेवा, चेंबर गादीपासून निदान ३०-४० सेंटीमीटर लांब. हे सगळ्यात महत्त्वाचं. गादी टेबलवर आणि चेंबर लगेच खाली ठेवलात तर गादीतून विखुरलेली किरणंही चेंबरमध्ये जातात आणि गादी आहे त्यापेक्षा साधी भोळी दिसते. तीन एक्सपोजर गादीशिवाय, तीन गादीसकट, सरासरी काढा. मग गादी काढून त्याच जागी पट्ट्या एकेक वाढवत न्या, रीडिंग गादीइतकं उतरलं की ती तुमची ॲल्युमिनियमची जाडी. पट्ट्या शुद्ध ॲल्युमिनियमच्याच हव्यात, एचव्हीएलच्या संचातल्या चालतील. भंगारातला पत्रा नको, मिश्रधातूत तांबं असतं आणि तांब्याचा कण सुद्धा हिशोब बिघडवतो.

एक आडाखा सांगून ठेवतो, मोजायच्या आधी अंदाज येतो. किरणं किती अडणार हे जाडीवर नाही, वजनावर ठरतं, म्हणजे गादीच्या एका चौरस मीटरचं वजन किती. साधा ५० घनतेचा (घनमीटरला ५० किलो) फोम ५ सेंटीमीटर असेल तर चौरस मीटरला अडीच किलो, तो ०.३ मिमी ॲल्युमिनियमच्या आसपास पडतो. ८० घनतेचा मेमरी फोम ७ सेंटीमीटर घेतला तर ०.७ च्या जवळ. आणि जेलची गादी नुसती २ सेंटीमीटर असली तरी ते दोन सेंटीमीटर पाणीच, जवळजवळ ४० टक्के किरणं गेली. जेलपॅड एक्सरे टेबलवर वापरणाऱ्यांना माझा दंडवत.

यातून आणखी एक गोष्ट निघते. फोम दबला म्हणून किरणांना फरक पडत नाही, वजन तेवढंच राहतं. म्हणजे बसलेली जुनी गादी नवी असताना जेवढी किरणं खायची तेवढीच आजही खाते, फक्त मऊपणा द्यायचं काम तिने सोडलंय.

रिकामटेकडा

मग गादीच काढून टाका ना राव. दोन मिनिटांचं काम असतं एक्सरेचं, एवढ्यात कोणाला बेडसोअर होतंय? उगाच फिजिक्सचा तास.

रात्रपाळी

@रिकामटेकडा, दोन मिनिटं तुमच्या घड्याळात. पेशंट स्ट्रेचरवर किती वेळ होता, त्याच्या आधी कॅज्युअल्टीत किती, आणि टेबलवर चढल्यावर पाच व्ह्यू काढेपर्यंत किती, हे सगळं त्याच्या टाचेच्या हिशोबात एकत्र जमा होतं. फ्लोरो, अँजिओ, इंटरव्हेन्शन धरलं तर तासन् तास. मी वॉर्डातली आहे, आमच्याकडे पेशंट एक्सरेहून आला की सेक्रमची, म्हणजे माकडहाडाच्या वरची, जागा लाल, आणि मग ते कोणाच्या खात्यात जमा करायचं यावरून तू तू मैं मैं. भुलीखालच्या किंवा मणक्याला मार लागलेल्या पेशंटला तर दुखतंय हे सांगताही येत नाही आणि कूसही बदलता येत नाही.

@लेडॲप्रन, मऊपणा मोजायचा शास्त्रीय मार्ग म्हणजे प्रेशर मॅपिंग मॅट, पातळ चादरीसारखी असते, आत शेकडो सेन्सर, वर माणूस झोपला की संगणकावर रंगीत नकाशा येतो आणि मिमी पाऱ्यात आकडे. डोकं, सेक्रम, टाचा या तीन जागा बघायच्या. उघड्या टेबलवर सगळ्यात वाईट आकडा बहुधा डोक्याचा येतो कारण कवटीचा टेकणारा भाग नाण्याएवढा आणि वर मांसच नाही. लोक ३२ मिमी हा आकडा फेकतात, त्याच्या वर गेलं की केशवाहिनी बंद. पण तो १९३० साली धडधाकट माणसांच्या नखाच्या कडेला मोजलेला आकडा आहे, अशक्त म्हातारीच्या टाचेचा नाही, त्यामुळे ३१ म्हणजे पास आणि ३३ म्हणजे नापास असं काही नसतं. दोन गाद्यांची तुलना करायला मात्र मॅट झकास. माणूस झोपल्या झोपल्या आकडा घेऊ नका, फोम आणि सेन्सर दोन्ही हळूहळू बसतात, पाच-सहा मिनिटं जाऊ द्या. आणि एकाच माणसावर ठरवू नका, बारीक आणि जाडा दोघांनाही झोपवा, कारण जाड्याखाली मऊ गादी तळाला टेकते आणि मग असून नसून सारखी.

मॅट नसेल तर हाताची परीक्षा. गादीवर माणूस झोपवा, गादी आणि टेबलच्या मधे तळहात वर करून हात सरकवा, सेक्रमच्या खाली. हाताला हाड जाणवलं, वर दोन-अडीच सेंटीमीटर तरी जिवंत फोम नाही वाटला, तर गादी गेली. रिकाम्या गादीवर मूठ बांधून अंगाचं वजन टाकूनही बघतात, मुठीला टेबल लागलं की संपलं. मूठ मारताना कडेला मारू नका, मधे मारा, बसते ती मधेच.

आणि कव्हर! कव्हर हा माझा जिव्हाळ्याचा विषय. चेन उघडून आतला फोम कधी बघितलाय का तुमच्या जुन्या गादीचा? बघा आणि मग जेवायला जा किंवा जाऊ नका. पाण्याची चाचणी सोपी आहे, कव्हर आणि फोमच्या मधे टिश्यू पेपर सरकवा, वरून कव्हरला खोलगट करून थोडं पाणी ओता, मुठीने मिनिटभर दाबून चोळा, पेपर ओला झाला तर रक्त, लघवी, सगळं आत जातंय असं समजा. बाहेरून कव्हर धड दिसत असतं तरी ओला निघतो कारण पॉलियुरेथेनचा थर आतून झिजलेला असतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये फाटक्या आणि झिजलेल्या कव्हरबद्दल खास सूचना काढली होती, ब्रिटनच्या एमएचआरएने त्याच्याही आधी २०१० मध्ये. त्या पलंगाच्या गाद्यांबद्दल होत्या पण कव्हरला काय माहीत आपण पलंगावर आहोत का टेबलवर.

फोमवाला

फोमच्या कारखान्यात क्वालिटीला बरीच वर्षं काढलीयत, रेडिओलॉजी कळत नाही पण गादी कळते म्हणून दोन शब्द.

माहितीपत्रक सोडा, गादीवाल्याकडे टेस्ट रिपोर्ट मागा. तीन रिपोर्ट पुरे होतात. एक, कडकपणा, आयएसओ २४३९, यात गोल प्लेटने फोम ४० टक्के दाबतात, ३० सेकंद थांबतात आणि किती न्यूटन लागले ते लिहितात. दोन, कॉम्प्रेशन सेट, आयएसओ १८५६, फोमचा तुकडा दाबून ७० अंशाच्या भट्टीत २२ तास ठेवायचा, बाहेर काढल्यावर किती टक्के उंची परत आली नाही ते बघायचं. तीन, दमवायची चाचणी, आयएसओ ३३८५, ७५० न्यूटनने ८०,००० वेळा बदडतात आणि मग उंची आणि कडकपणा किती उतरला ते मोजतात. ही तिसरी मागितली की बरेच जण फोन उचलायचे बंद होतात, त्यावरूनच काय ते समजा. रिपोर्टवर फोमचा ग्रेड आणि घनता लिहिलेली असते, ती तुमच्या गादीशी जुळते का हे चेन उघडून एक तुकडा वजन करून बघता येतं. रिपोर्ट एका फोमचा आणि गादीत दुसराच, हा खेळ नवा नाही.

आगीचं म्हणाल तर गादी म्हणून युरोपात ईएन ५९७, भाग १ पेटती सिगारेट, भाग २ काडीपेटीच्या ज्योतीएवढी गॅसची ज्योत. ब्रिटनमध्ये हॉस्पिटलला याच्या पुढे जाऊन लाकडी काड्यांची उतरंड रचून ती गादीवर पेटवतात, त्याला क्रिब ५ म्हणतात. फोम आणि कव्हर एकत्र तपासलेले पाहिजेत, वेगवेगळे पास झालेले एकत्र नापास होऊ शकतात. कव्हर बदलून दुसरं घातलं की जुना रिपोर्ट रद्दी.

एक शंका @हाफव्हॅल्यू यांना. जुन्या रेक्झिनच्या, म्हणजे पीव्हीसीच्या कव्हरमध्ये आम्ही भराव म्हणून चुनखडीची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घालतो, आगीसाठी अँटिमनीचं ऑक्साइड पण पडतं. ते एक्सरेला चालतं का?

हाफव्हॅल्यू

@फोमवाला, अहो हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं! शुद्ध पीव्हीसीमध्ये निम्म्याहून जास्त वजन क्लोरीनचं, त्यात कॅल्शियम आणि अँटिमनी, म्हणजे त्या पातळ कव्हरचे दोन थर आतल्या सगळ्या फोमइतकी किंवा जास्तच किरणं खात असणार. वजनाचा माझा आडाखा फोमला आणि पॉलियुरेथेनच्या कव्हरला चालतो कारण त्यात कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, हलकी मंडळी. पीव्हीसीला तो लावू नका. वरचं माझं वाक्य दुरुस्त करून वाचा.

@लेडॲप्रन, चौकड्यांचं राहिलंच होतं. गादीची चेन उघडून वरचा फोम बघा, त्याला वड्या पाडल्यासारखे काप आहेत का? दाब पसरावा म्हणून तसे काप देतात. नुसती गादी ५०-६० केव्हीला कमी एमएएसवर टप्प्याटप्प्याने पूर्ण एक्स्पोज करा, विंडो, म्हणजे इमेजच्या करड्या छटांचा पट्टा, अगदी अरुंद करून बघा. शिवण, चेन, डिंकाच्या रेघा, फोमचे जोड, सांडलेलं कॉन्ट्रास्ट (आयोडीन किंवा बेरियमचं औषध), सगळं बाहेर येईल. आयोडीन ३३ केईव्हीला (किरणांच्या ऊर्जेचं माप) आणि बेरियम ३७ ला एकदम जास्त खायला लागतात, ६०-७० केव्हीच्या बीममध्ये बरोबर त्याच पट्ट्यातली किरणं भरपूर असतात, म्हणून वाळलेला एक थेंब मूतखड्यासारखा दिसतो. ते बघून कोणी युरोलॉजीला पाठवलेला पेशंट मी पाहिलाय, नंतर टेबल पुसल्यावर खडा गेला.

आणि एक, डिटेक्टरचं कॅलिब्रेशन करताना गादी टेबलवर राहिली नव्हती ना? तसं झालं असेल तर गादीची सावली डिटेक्टरच्या डोक्यात बसते आणि मग गादी काढली तरी प्रत्येक इमेजमध्ये उलटी उमटते.

टेस्लाबाई

एक्सरेचा धागा आहे तरी एमआरआयचं घुसडते, माफी असावी. आमच्याकडे किरणांचा प्रश्न नाही पण गादी तितकीच त्रास देते. चेनचा सरकता भाग धातूचा नको हे सगळ्यांना माहीत असतं, पण जंतू मारायला कापडात चांदीचा धागा विणलेला असतो ते कोणी सांगत नाही, वीज वाहणारं कापड आणि आरएफ (एमआरआयच्या रेडिओलहरी) म्हणजे चटका. एमआर सेफ लिहिलेलं असेल तर एएसटीएम एफ २५०३ प्रमाणे चौकोनातली हिरवी खूण पाहिजे, आणि मी तरीही हातात जोरदार चुंबक घेऊन गादी इंच इंच चाचपते. फाटलेल्या पॅडवर चिकटपट्टी मारून चालवतात काही ठिकाणी, ती पट्टी चंदेरी असेल तर आधी बघून घ्या कशाची आहे. पेशंटची कातडी आणि बोअरची (मशीनच्या बोगद्याची) भिंत यांच्या मधे जे पॅड ठेवतो त्याचं काम मऊपणा नाही, अंतर ठेवणं आहे, ते दबून पापड झालं की त्याचा उपयोग संपला.

अवांतर: अगदी छोट्या टीईच्या, म्हणजे सिग्नल लगेच टिपणाऱ्या, सिक्वेन्सला फोम सुद्धा इमेजमध्ये दिसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा पेशंट ढगावर झोपलाय असं वाटलेलं.

हॉटस्पॉट

पेट-सीटीवाला. आमचा एकच मुद्दा, गादीला लघवीचा थेंब लागला की तो एफडीजी, म्हणजे आम्ही टोचलेलं किरणोत्सारी औषध, आहे. त्यातल्या एफ-१८ चा अर्धा काळ ११० मिनिटं, म्हणजे सकाळचा थेंब दुपारच्या पेशंटच्या मांडीत गाठ होऊन दिसू शकतो. कव्हरवर असेल तर पुसता येतो, फोममध्ये मुरला की गादी बाजूला ठेवून वाट बघण्याशिवाय इलाज नाही. त्यामुळे @रात्रपाळी यांची टिश्यूची चाचणी आमच्याकडेही चालू करतोय, धन्यवाद. सीटीवाल्यांनी गादीची कड गॅन्ट्रीत (मशीनच्या गोल कड्यात) अडकत नाही ना, आणि खालचं वेल्क्रो धरतंय ना, एवढं तरी रोज बघावं.

लेडॲप्रन

सगळ्यांचे आभार, रविवारी विभाग रिकामा होता, दोघांनी मिळून दिवसभर गादीपुराण केलं. जे निघालं ते सांगतो.

पहिल्यांदा आळस करून गादी टेबलवर आणि चेंबर लगेच खाली असं केलं, नवीन गादीतून ९३ टक्के पार. खूश झालो. मग @हाफव्हॅल्यू यांनी सांगितलं तसं गादी दोन स्टूलांवर फळ्या टाकून मधल्या मोकळ्या जागेवर ठेवली, चेंबर जमिनीजवळ, बीम बारीक, तर ८६. सात टक्के नुसते विखुरलेले होते! जुनी गादी त्याच पद्धतीने ८७. म्हणजे ॲल्युमिनियममध्ये दोन्ही ०.७ च्या आसपास, एक जरा खाली आणि एक जरा वर. सगळे ज्या नव्या गादीला शिव्या घालत होते ती नि जुनी किरणांच्या बाबतीत सारख्याच.

मग @फोमवाला यांचं डोक्यात होतं म्हणून जुनीचं कव्हर काढून दोन्ही थर वेगळे मोजले, ९२ टक्के. नुसता फोम ९५. खरंच की, कव्हर फोमपेक्षा जास्त खातंय! आतल्या फोमचं वर्णन करत नाही, @रात्रपाळी यांनी जेवणाबद्दल सांगितलेलं ऐकायला पाहिजे होतं. टिश्यूची चाचणी तीन जागी केली, तिन्ही ओल्या. मूठ टाकली तर टेबल लागलं. ती गादी आता परत टेबलवर जाणार नाही हे साहेबांना फोटो दाखवून कबूल करून घेतलं.

दाणेदारचं असं झालं की सिनियरना नवी आणि जुनी दोन्हींवर काढलेल्या फँटमच्या, म्हणजे पेशंटऐवजी ठेवायच्या ठोकळ्याच्या, आठ इमेज नाव झाकून दाखवल्या, एईसीवर काढलेल्या. ओळखता आल्या नाहीत. त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं.

पण चौकड्या खऱ्या निघाल्या. चेन उघडली तर वरच्या फोमला आडवे-उभे काप, बोटभर अंतरावर. ५५ केव्हीला पूर्ण गादी एक्स्पोज केली तर बुद्धिबळाचा पट. ८० ला जवळजवळ दिसत नाही. मोठा माणूस झोपला की काप मिटतात त्यामुळे मोठ्यांमध्ये दिसलं नव्हतं, लहान मुलाचं वजन पडत नाही, काप उघडे राहतात, आणि मुलांना केव्हीही कमी, म्हणून नेमकं तिथेच. कॅलिब्रेशनच्या वेळी गादी काढलेली होती, तो प्रश्न नाही.

आता अडकलोय ते इथे. पेशंटला आराम आहे, किरणं जुनीइतकीच, आगीचा रिपोर्ट आला, ईएन ५९७ चे दोन्ही भाग फोम कव्हरसकट पास. दमवायच्या चाचणीचा रिपोर्ट मागितला त्याला आठ दिवस झाले, फोन उचलत नाहीत, @फोमवाला यांना माहीतच होतं. परत करायची का?

हाफव्हॅल्यू

छान काम केलंत. जुनी पाच सेंटीमीटरची धरली तर अडीच सेंटीमीटर जाडी वाढली, तिचाही हिशोब करून ठेवा. ट्यूब-डिटेक्टर १०० सेंटीमीटरच राहिलं आणि पेशंट तेवढा वर गेला तर कातडी ट्यूबच्या जवळ आली, ७५ वरून ७२.५, म्हणजे कातडीच्या डोसात ७ टक्के भर, फोम एक किरणही न खाता. अस्पष्टता पण वाढते, १ मिमीच्या फोकल स्पॉटला मणका डिटेक्टरपासून १२ वर होता तो १४.५ वर गेला तर धूसर कड ०.१४ मिमीवरून ०.१७ वर. मोठ्याच्या मणक्याला कळणार नाही, बोटांच्या सांध्याला कळेल, पण बोटं कोणी गादीवर ठेवून काढत नाही. मेमरी फोम माणसाखाली दबतो त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमीच.

चौकड्यांवर मात्र तडजोड नको. मुलाच्या हाडातली बारीक रेघ फ्रॅक्चर आहे का फोमचा काप, हा विचार रेडिओलॉजिस्टने रात्री दोनला करायचा का?

फोमवाला

परत करू नका, बदलून मागा. त्याच गादीत वरचा थर काप न दिलेला, सलग मिळतो, दाब थोडा जास्त येईल पण मेमरी फोम असल्याने फार नाही. ऑर्डरमध्ये लिहून द्या, वरचा थर सलग, जोड नको, डिंक फवारलेला सलग पाहिजे, पट्ट्यांत नको, कव्हर पॉलियुरेथेनचं, शिवण वेल्डिंगची, चेन प्लास्टिकची आणि कडेला खाली. तोंडी सांगितलेलं कटिंगवाल्यापर्यंत पोचत नाही, मी त्या बाजूला होतो, मला माहितीये.

रात्रपाळी

आणि पुसायला काय वापरणार तेही कव्हरवाल्याला विचारून लिहून घ्या. क्लोरीन वापरत असाल तर नंतर साध्या पाण्याने पुसून कोरडं होऊ द्यायचं, पॉलियुरेथेन ओलं असताना फुगतं आणि त्याच वेळी त्याच्यावर पेशंट ओढला की थर सुटतो. दोन पेशंटच्या मधे कोणाला वेळ आहे म्हणाल, पण कव्हर मरतात ती याच्यानेच. वरून तीन तीन चादरी आणि ताणून बसवलेला प्लास्टिकचा कागद घालू नका, मेमरी फोमवर ताणलेलं काही घातलं की माणूस झोळीत लटकल्यासारखा राहतो आणि फोम खाली नुसता बघत बसतो.

रिकामटेकडा

मी आधी जे बोललो ते मागे घेतो. काल आमच्या इथल्या टेबलवर दहा मिनिटं झोपून बघितलं, गादीशिवाय. डोकं अजून ठणकतंय.

लेडॲप्रन

@रिकामटेकडा, दहा मिनिटं म्हणजे तुम्ही शूर आहात.

बदलून मागितलीय, सलग थराची, लेखी. ती येईपर्यंत मोठ्यांना हीच गादी आणि मुलांना पातळ साध्या फोमचा तुकडा, तो पण ५५ केव्हीला एक्स्पोज करून घेतला, स्वच्छ निघाला. टेबलच्या कडेला एक कागद चिकटवलाय, गादी कधी आली, किती टक्के पार, मूठ आणि टिश्यू शेवटची कधी केली. सहा महिन्यांनी परत करायचं ठरलंय, बघू कागद तोपर्यंत टिकतो का. सिनियरनी त्यावर स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवलीय, कॅलिब्रेशनआधी गादी काढा.